अव्होकाडोची बी

मेक्सिकोच्या सहलीत आम्ही दोघांनी कॉकटेल आणि ग्वाकामोले, म्हणजे अव्होकाडोची चटणी, शिकवणाऱ्या वर्गात नाव घातलं. मार्गारिटा हे कॉकटेल झाल्यावर शिकवणाऱ्या बाईंनी अर्धा कापलेला अव्होकाडो पुढे ठेवला. "बी काढायला तिच्यावर सुरीचा घाव घाला, जोरात!"

मी हात उगारला. खाडकन सुरी बीत रुतली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी उभ्या बायकोने मात्र कोपर चेहऱ्यापुढे धरलं होतं.

वीस वर्षांपूर्वी माझा हात तिच्यावर उठला होता. एकदाच. माझ्या लेखी ते तेव्हाच मिटलं होतं. हाताला कुठे काय लक्षात राहतं? राहतं ते गालाला.

ती ओशाळून हसली. "अहो, दुसरा मी करते."

तिने सगळ्या ताकदीने सुरी हाणली. मी अगदी जवळ होतो. माझी पापणीही लवली नाही.