मामा देवासमोर गप्प बसतात

अख्ख्या रायगड जिल्ह्यात माझ्या बायकोच्या मामांएवढ्या मोठ्या आवाजात देवाशी बोललेला माणूस दुसरा झाला नसेल. मामा निवृत्त होईपर्यंत एसटी स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करत. नोकरी संपली, घोषणा संपल्या नाहीत. पोलादपूरला त्यांच्या घरी दर रविवारी आमची पाच-सहा ख्रिस्ती कुटुंबं उपासनेला जमतात. तिथे मामा उभे राहत, हात पाठीमागे बांधत आणि देवाचा घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येक आजाऱ्याचं नाव, गाव आणि खूण सांगत. "प्रभू, तुडीलची शांताबाई. नदीकडची नव्हे, शाळेमागची. उजवा गुडघा." देवाला माहीत असतं मामा, असं माझी बायको एकदा हळूच म्हणाली. "माहीत असतं गो," ते म्हणाले, "पण घोषणा झाल्याशिवाय गाडी सोडत नाहीत."

मग गेल्या वर्षी त्यांचा आवाज बसला, तो महिनाभर उठेना. मुंबईच्या डॉक्टरांनी घशातली गाठ काढून तपासायला पाठवली आणि पंधरा दिवस कुजबुजायलाही मनाई केली. गाठ कसली, ते रिपोर्ट आल्यावर कळणार होतं. आमच्या सगळ्यांच्या मनात एकच शब्द होता, आणि तो कोणी उच्चारत नव्हतं.

उपासना चालवणारे आमचे पाळक म्हणाले, तसेही गप्पच आहात, तर देवासमोर गप्प बसा. काही मागायचं नाही, नुसतं त्याच्याजवळ बसायचं. मामांनी पाटीवर लिहिलं, "किती मिनिटं?"

पहिल्या दिवशी त्यांचे ओठ हलायला लागले, तेव्हा शेजारी बसलेल्या मामींनी त्यांवर हात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मामा भुवयांनी प्रार्थना करू लागले. भुवया आवरल्या, तर पायाचा अंगठा सुरू झाला. मीही रोज सोबतीला जाऊन समोरच बसलेला असे. अंगठ्याच्या ठेक्यावरून शांताबाईंचा गुडघा कधी आला ते मला बरोबर कळे. आठव्या दिवशी मात्र अंगठाही थांबला. आपल्याशी कोणी बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नसतं, तसा मामांचा चेहरा झाला होता.

रिपोर्ट आला तेव्हा मी महाडला पेट्रोल पंपावर रांगेत होतो. फोनवर मामी नुसतं "साधी हाय हो, गाठ साधी हाय," एवढंच म्हणत राहिल्या. मागचे लोक हॉर्न वाजवत होते आणि मी स्कूटरवर बसून रडत होतो.

पुढच्या रविवारी मामांना बोलायची परवानगी होती. आम्ही अनुभवी माणसं, भिंतीला टेकायच्या जागा लवकर येऊन धरल्या. मामा उभे राहिले, हात मागे घेतले, तोंड उघडलं. मग आमच्याकडे पाहून म्हणाले, "जरा बसूया." आणि बसले. वीस मिनिटं घरात फक्त पंख्याचा आवाज होता.

नंतर स्वयंपाकघरात मी मामींना चिडवलं, की आता घर अगदी सुनं वाटत असेल.

"वाटतं की," कप विसळत त्या म्हणाल्या. "पन लग्न झाल्यापासून मला वाटायचं, देवाला यांचंच तेवढं ऐकू जात असेल. माझं काय जात नाय. आता माझं पन जातं."

मी दारातून बाहेर पाहिलं. सगळे उठून गप्पांना लागले होते. मामा मात्र डोळे मिटून तसेच बसले होते. मामींनी आमचा चहा ओतला आणि त्यांचा झाकून ठेवला.