साडूच्या तीन खिडक्या

माझ्या साडूएवढा हेकट माणूस सोलापुरात दुसरा झाला नाही, अन् झाला असेल तर बायकोनं त्याला कधीच घराबाहेर काढला असेल. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे त्याच्या मागच्या खोलीच्या तिसऱ्या खिडकीवर कापसाची गादी ठोकणं. गादी मी धरली, खिळे त्यानं मारले. हातोडा एकदा माझ्या अंगठ्यावर बसला, तर शिवी त्यानं मलाच दिली. दुसऱ्या दिवशी त्याच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. त्यानंतर तो कधी बोलला नाही, आणि चार महिन्यांनी गेलाच.

आम्ही दोघांनी एकाच कारखान्यात चादरीच्या मागांवर जन्म काढला. मी माग चालवायचो, तो जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. चाळीस मागांच्या खडखडाटात उभा राहून कुठला धोटा अडखळतोय ते कानानं सांगायचा, आणि तसंच निघायचं. त्याच खडखडाटात तो गायचा. भजनं स्वतःच रचलेली, त्यात देव कमी आणि मालकाबद्दलच्या तक्रारी जास्त. आवाज असा, की चाळीस मागांच्या वर चढायचा. घरीही तोच आवाज. जेवताना त्यानं मीठ मागितलं तर शेजारच्या बाईनं आणून द्यावं.

आमची ही गेली, तेव्हापासून संध्याकाळचं जेवण माझं त्याच्याकडंच. समजूत घालणं वगैरे त्याला जमायचं नाही. तेरावा झाल्यावर मला म्हणाला, "पाव्हणं, घरात तोंड पाडून बसू नका. तुमचं तोंड आदीच लई बघण्यासारखं न्हाई." मी त्याला शिवी दिली आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मग त्याच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन करावंच लागेल, पण आवाज राहील याचा भरवसा नाही. दुसरा असता तर रडला असता. ह्यानं विचारलं, "ऑपरेशनला किती दिस हायत?" दहा होते. घरी येऊन त्यानं मागची खोली रिकामी केली. आवाज जायच्या आत आपलं एक तरी भजन पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट रेकॉर्ड करून ठेवायचं, एवढंच त्याला हवं होतं. पुण्याच्या लेकीनं माईक पाठवला आणि फोनवर बजावलं, की बाहेरचा आवाज आत येता कामा नये. आणि भिंतीला लागून तर शेजाऱ्याचे सहा माग!

पहिल्या खिडकीवर त्यानं मोराच्या चार चादरी ठोकल्या, एकीवर एक. दुसरीला अंड्यांचे रिकामे ट्रे लावावेत, असं कुणीतरी त्याला सांगितलं. साडू माळकरी. गळ्यात तुळशीची माळ आणि सायकलवर अंड्यांच्या ट्रेची ही चळत, असा तो भर नव्या पेठेतून आला. भजनी मंडळातल्या एकानं हटकलं, "बुवा, हे कवापास्नं?" सायकल न थांबवता ह्यानं उत्तर दिलं, "डॉक्टरनं सांगितलंय, दिसाला दीडशे!" मेव्हणीनं तीन दिवस अबोला धरला. खोली आत्ताच निम्मी शांत झाली, असं तो मला म्हणाला.

आता खोली खरंच बंद झाली का, हे तपासायचं होतं. त्यानं मला गल्लीत उभं केलं, दार लावून घेतलं आणि आत गायला. बाहेर येऊन विचारलं, "आलं का ऐकू?"

"कायबी न्हाई."

परत आत गेला, अजून मोठ्यानं गायला. "आता?"

"न्हाई की!"

साडूनं भर गल्लीत मला मिठी मारली. तेवढ्यात मेव्हणी कणकेच्या हातानं बाहेर आली. "अवो, सगळी गल्ली ऐकतीया! दाजींनी चाळीस वर्सं मागावर काढली. त्यांच्या कानाशी फटाका लावला तरी कळायचं न्हाई, अन् त्यांला काय इचारताय?"

आम्हा दोघांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. आम्ही जन्मभर एकमेकांशी ओरडूनच बोललो, त्यामुळं कोण किती बहिरा हे कळायची वेळच आली नव्हती.

म्हणून तिसऱ्या खिडकीला गादी. ती ठोकली आणि मेव्हणीनं कान देऊन पसंती दिली. पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद. उघड्या अंगानं आम्ही दोघं तंदुरीतल्या कोंबड्यांसारखे बसलो. साडूनं पेटी पुढ्यात ओढली, माईक सुरू केला, दोन ओळी गायला आणि घसरला. पुन्हा गायला, पुन्हा घसरला. लय कधी पळायची, कधी बसायची. पाचव्या वेळी त्यानं पेटीचा भाता मिटला. मला वाटलं, गाठ दुखली असेल.

"पाव्हणं, ठेकाच सापडंना वो," तो म्हणाला. "हितं कायच वाजंना."

उभ्या जन्मात ह्या माणसाला तबलजी का लागला नाही, ते मला तेव्हा उमजलं.

"मग काढा की ती गादी."

"आत्ता तर खिळे मारले!"

"खिळे तुमी मारले, अंगठा माझा गेला. काढा."

गादी उपसली, खिडकी सताड उघडली. शेजारचे सहा माग खटाखट आत आले. साडूनं डोळे मिटले आणि अख्खं भजन एका बैठकीत गायला, एकदाही न घसरता. मालकावरचं एक कडवं तेवढं मागांनी झाकून टाकलं. ते एका अर्थी बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणी आणि लेक सामान घेऊन पुढं गेल्या, मागनं आम्ही दोघं रिक्षात. साडू मान खाली घालून गप्प बसला होता. तो गप्प बसलेला मला बघवेना. मी मुद्दाम उलटं म्हणालो, "अकलूजला टँकर येतात अन् सांगोल्यात निस्ता ऊस, न्हाई का?"

"डोकं ठिकानावर हाय का पाव्हणं?" तो उसळला. सगळा जिल्हा त्यानं मला तालुक्यावार समजावून सांगितला. मग मी म्हणालो, तुमचं लग्न आमच्या आधी झालं. त्यावर त्यानं दोन्ही मांडव, दोन्ही पंगती आणि माझा रुसवा, सगळं काढलं. मग मी म्हणालो, जॉबर म्हणून दुसऱ्या पाळीतला तो तुमच्यापेक्षा बरा होता. तेव्हा त्याचा आवाज असा चढला, की रिक्षावाला मागं वळून म्हणाला, "काका, भांडू नका की!"

दवाखान्याचं दार आलं तरी साडू मला शिव्या घालतच होता. मी रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणालो, "थांबू नको बाबा. अजून एक चक्कर मार."