तळहाताएवढं शेत

माझा धाकटा दीर परदेशात नोकरी करतो. दिवाळीआधी तो घरी आला तेव्हा तिथल्या एका मोठ्या कलासंग्रहालयाची तीन पुस्तकं घेऊन आला. तळहाताएवढी. डाव्या पानावर चार ओळी इंग्रजी, उजव्या पानावर चित्र. ते संग्रहालय पाहायला दोन दिवस पुरत नाहीत म्हणे, आणि त्यातलं निवडक सारं शर्टाच्या खिशात मावत होतं. त्यापेक्षा चॉकलेटं आणली असती तर पोरांनी खाल्ली तरी असती, असं माझ्या मनात आलं. मग म्हटलं, बाबूजींना देऊ.

बाबूजी म्हणजे माझे वडील, कामठ्याला राहतात. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि रात्री नाटक होतं; जन्मभर त्यांनी त्या नाटकांचे पडदे रंगवले. महाल, जंगल, नदीकाठ, जे लागेल ते. फ्लेक्स आले आणि पडदे गेले. दोन वर्षांपासून त्यांच्या हाताला काम नव्हतं, आणि त्यांचा चहा बशीत सांडायला लागला होता. मी काही बोलले की कपाचा कान लहान आहे म्हणायचे. मी नवे कप आणून दिले, तर त्यांचेही कान लहानच निघाले.

पुस्तकं त्यांनी तीन दिवस हातातून खाली ठेवली नाहीत. इंग्रजी येत नाही, पण त्यावाचून त्यांचं काही अडलं नाही. एका पानावर पिकलेलं गव्हाचं शेत होतं, पेंढ्या बांधणाऱ्या बाया, मागे चर्चचा टोकदार कळस. चर्च काढून तिथं डोंगर घातला की झाली आपली धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भातशेत, असं त्यांनी ठरवून टाकलं. गव्हाचं धान करायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत.

तेवढ्यात शेजारच्या गावातल्या नाटक मंडळाचा निरोप आला. यंदाच्या मंडईला शेताचा देखावा हवा, पडदा तुम्हीच रंगवा, पण आधी चित्र दाखवा. बाबूजींनी त्याच दिवशी मांजरपाट आणून शिवायला टाकला. इतके खूश मी त्यांना आईच्या माघारी पाहिले नव्हते. हा पडदा जमला तर पेंटर अजून पेंटर आहे, एवढं त्यांना गावाला दाखवायचं होतं.

रविवारी मी सासरहून, म्हणजे जवळच्याच गोरेगावहून, भेटायला गेले, तर ते पुस्तकातल्या त्याच पानावर पेन्सिलीनं उभ्या-आडव्या रेघा मारून राहिले होते. लहान चित्रावर चौकटी आखायच्या, कापडावर तितक्याच, पण मोठ्या चौकटी आखायच्या, मग एकेक चौकट उतरवायची, ही त्यांची रीत. माझं डोकंच फिरलं. सातासमुद्रापलीकडून आलेलं पुस्तक खराब केलं म्हणून मी नाही नाही ते बोलले.

"पुस्तक कायले असते मंग?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मी पट्टी देऊ केली. ती पोराटोरांना लागते म्हणाले.

मंडळाच्या सचिवाचा फोन माझ्याकडेच आला, कारण बाबूजींचा फोन साधा. चित्राचा फोटो पाठवा ताई, नुसतं पाहू, म्हणाला. मी पानाचा छान, अगदी सरळ फोटो काढला आणि पाठवला. अक्कल गहाण ठेवली होती माझी, दुसरं काय!

त्यानंतर सचिवानं फोन उचलला नाही, आणि शिवून आलेला मांजरपाट कोराच पडून राहिला. कामात असतील, असं बाबूजीच मला समजावत राहिले. शेवटी मंडईच्या दिवशी दुपारीच आम्ही मांडवात गेलो. स्टेजवर मागे वीस फुटांचा फ्लेक्स लागला होता. मी काढलेला फोटो, जसाच्या तसा, चर्चसकट. आणि बाबूजींच्या साऱ्या रेघाही.

समोर दोन शेतकरी उभे होते. यंदा धानात डुकरांनी धुमाकूळ घातला होता, ज्याच्यात्याच्या बांधीला जाळी होती. त्यांनाही तिथं जाळीच दिसली. एक म्हणाला, "काऊन गा पेंटर, एवढी जाळी लावली अन् ढिली बांधली? डुकरं सरळ आत शिरतीन."

तेव्हा मी नीट पाहिलं. तळहाताएवढ्या पानावर मला जे दिसलं नव्हतं ते आता साऱ्या गावाला दिसत होतं. एकही रेघ सरळ नव्हती. प्रत्येक रेघ वरपासून खालपर्यंत लहरत गेली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सचिव कुठं दिसतो म्हणून मी भांडायच्या तयारीनं इकडेतिकडे पाहू लागले.

बाबूजींनी चष्मा कपाळावर चढवला, स्टेजजवळ गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत रेघा पाहिल्या आणि परत आले.

"जाळी नोहे गा ते," ते त्या शेतकऱ्याला म्हणाले. "माहा हात हालते."

हे त्यांनी डॉक्टरलाही सांगितलं नव्हतं, मला तर नाहीच.