आजोबांच्या खाटेखालचं बाळंतपण

सुरतेतल्या एकूण एक जनावराशी आमच्या काकांची ओळख होती. माणसांशी मात्र कामापुरतीच. हे काका म्हणजे बाबांच्या बँकेतले सहकारी. आमच्याच शेरीत, म्हणजे गल्लीत, राहायचे. रस्त्यात बाबा भेटले तर नुसती मान हलवायचे, पण टांग्याचा घोडा दिसला की थांबून त्याच्या गुडघ्याची चौकशी करायचे. माणसांशी मराठीत बोलत, कुत्र्यांशी गुजरातीत. "इथली आहेत ती. मराठी ऐकून बिचारी दचकतात," असं त्यांचं म्हणणं. एकदा भर उन्हात त्यांनी स्वतःची छत्री एका गाढवावर धरली होती आणि काकू डोक्यावर पदर घेऊन मागून घामाघूम चालत होत्या. "ह्यांचे गुण गाढवाशी जुळले असते," काकू आईला म्हणाल्या. "जास्तच जुळले असते," काका शांतपणे म्हणाले.

मी कॉन्व्हेंटात शिकणारी, घरी कोणी आलं की स्वयंपाकघरात जाणारी मुलगी. काका माझ्याशी बोलत नसत, म्हणून मला आवडत.

त्या सुमारास आजोबांना विसर पडू लागला होता. आधी नावं गेली, मग माणसं, आणि शेवटी भूकसुद्धा आठवेना. ताट पुढे ठेवलं की "झालं माझं" म्हणत. असंच चाललं तर फार दिवस काढणार नाहीत, असं डॉक्टरांनी बाबांना सांगितलं. आई मऊ भात घेऊन बसे आणि मिटलेलं तोंड बघून उठे.

हे ऐकल्यावर काका दुसऱ्याच दिवशी एक पोटुशी कुत्री घेऊन आले. आई "अहो, घरात नको!" म्हणेपर्यंत ती आजोबांच्या खाटेखाली शिरलीसुद्धा. "वहिनी, अवघडलेलीला बाहेर कसं काढायचं?" काका म्हणाले. सकाळी पिल्लं झाली.

सुरतेत कुत्री व्याली की शेरीतून पीठ, गूळ, तूप गोळा करून तिला शिरा घालतात. काकांनी पातेलं घेऊन घरोघर फेरी मारली आणि शिरा आमच्याच स्वयंपाकघरात केला. तुपाचा वास आला तसे आजोबा उठून बसले. खाली वाकून पाहिलं.

"बाळंतीण कोणाची?"

"आपलीच," काका म्हणाले. "माहेरी आलीय."

झालं! आजोबा घरातले कर्ते झाले. "दार लोटा, वारा लागेल तिला. बाळंतशोपा भाजल्या का?" तिला त्यांनी हाताने शिरा भरवला, आणि उरलेला त्याच वाटीतला स्वतः खाल्ला. आईने तोंडाला पदर लावला. हसायला की रडायला, कळलं नाही. तेव्हापासून बाळंतिणीचं झालं की आजोबा जेवत. मला ते सुईण समजत. "आलात, सुईणबाई? शेक दिलात?" शाळेत बाईंपुढे तोंड न उघडणारी मी "हो, दिला" म्हणायची, आणि मग दुपारभर आम्ही बोलत बसायचो. इतकी मी तोवर कोणाशीच बोलले नव्हते.

पिल्लं मोठी झाली, चपला कुरतडू लागली, घरमालक कुरकुरू लागले. ती गेली आणि आजोबांनी पुन्हा तोंड मिटलं तर? बाबांनी काकांना विचारलं.

"चोरून न्यायची नाही," काका म्हणाले. "रीतसर नेऊ."

सख्ख्या भावाच्या लग्नातही कोट न घातलेले काका रविवारी कोट-टोपी घालून दारात उभे राहिले. बरोबर ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या काकू. "सुनेला न्यायला आलोय." आजोबांनी सदऱ्याची बटणं लावली आणि व्याह्यांना झोपाळ्यावर बसवलं. आईने कुत्रीला कुंकू लावलं, पिल्लांच्या टोपलीत नारळ ठेवला.

आजोबांनी हात जोडले. "पोर लाडकी आहे. जेवताना तिला उठवू नका."

"नाही उठवणार," काका म्हणाले. त्यांचा चेहरा जरासुद्धा हसरा नव्हता.

वरात वळणाआड जाईपर्यंत आजोबा ओट्यावर उभे होते. मग आत आले, पाटावर बसले. आईने ताट पुढे ठेवलं.

"भाजी कसली आहे आज?"

"वांग्याची," आई कशीबशी म्हणाली.

त्या दिवशी आजोबांनी भात मागून घेतला. मी कोणी न सांगता वाटीभर भाजी घेऊन काकांकडे गेले. कोट न काढताच ते जमिनीवर बसले होते, आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ती झोपली होती. मला खूप काही म्हणायचं होतं. पण ती जागी होईल, म्हणून वाटी हळूच ठेवली आणि परत आले.