पट्टा काढला तेव्हा

ज्या जिवाला आपण मरणाच्या दारातून उचलून आणलं, त्यालाच मारायला न्यायचं की नाही हे ठरवायची वेळ माझ्यावर येईल, असं कधी वाटलं नव्हतं. आमचं घर जैनांचं. ओतूरच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान, मागे राहतं घर. पाणी गाळताना जीव मरू नये म्हणून जपणाऱ्या सासूबाईंच्या हाताखाली मी संसार शिकले. आणि तरी त्या दिवसांत देरासरात, म्हणजे आमच्या मंदिरात, उभी राहून नवकार मंत्र म्हणताना मनात एकच चालायचं, बंड्याचं काय करायचं?

बंड्या आम्हाला निमगाव सावाच्या रस्त्याला सापडला. आमचे हे आणि मी एका लग्नघरी बस्त्याचं कापड पोचवून परतत होतो. उसाच्या कडेला पाण्याच्या चारीत एक कुत्रा पडला होता. बिबट्यानं मान धरून ओढलेला आणि कसा कोण जाणे, सुटलेला. ह्यांनी गाडीतल्या नव्या कापडात त्याला गुंडाळून घरी आणलं. जखमेवर खपली धरली, तो अजून अशक्त होता, तेव्हाच जुन्नरच्या जनावरांच्या डॉक्टरांकडून लस टोचून घेतली आणि गळ्यात पट्टा घातला. अंगात जीव आला तसा त्यानं कुणालाच हात लावू दिला नाही. डॉक्टरही लांबूनच बघत आणि खाण्यातून औषध द्यायला सांगत. आधी तो ह्यांना चावला, मग मला. दर वेळी आम्ही साखळी आखूड करत गेलो.

मग धोंडाबाईंचं झालं. त्या डोंगरातल्या घाटघरच्या. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याच गल्लीत लेकीकडे आल्या होत्या. आमच्या नळावर पाणी भरायला आल्या आणि बंड्यानं साखळी तोडून त्यांच्या हाताचा लचका तोडला. सरकारी दवाखान्यात टाके पडले, इंजेक्शनं सुरू झाली. लेक आम्हाला एका शब्दानं बोलली नाही, पण तेच जास्त लागलं. गल्लीतले म्हणाले, आज म्हातारीचा हात धरला, उद्या एखाद्या लेकराचा गळा धरेल. त्यात खोटं काहीच नव्हतं. जुन्नरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "लस दिलेली आहे, पिसाळलेला नाही. पण हा चावतच राहणार. कायमचा झोपवणं हाच मार्ग दिसतो." त्या रात्री हे जेवता जेवता ताटावरून उठले. "वाचवला आपण आणि मारायचाही आपणच?" एवढंच म्हणाले.

आमच्या धर्मात भगवंत काही देत-घेत नाहीत, असं लहानपणापासून ऐकलेलं. तरी मी मागितलं. पार्श्वनाथांसमोर बसून म्हटलं, मला कळत नाही, काहीतरी दाखवा. दिव्याची ज्योत हलते का, फूल पडतं का, इतकं खुळ्यासारखं बघत बसले. काही झालं नाही. घरी येऊन ह्यांना म्हटलं, "नेऊ या."

बंड्याला खाण्यातून गुंगीच्या गोळ्या दिल्या, तोंडाला जाळी बांधली. गाडीत ठेवत होतो तेवढ्यात हाताला पट्टी बांधलेल्या धोंडाबाई समोर आल्या.

"कुठं चालवलाय त्याला?"

खोटं बोलवेना. सांगितलं. त्यांनी गाडीत वाकून बंड्याकडे पाहिलं.

"मंग मी येते. येकटं नका धाडू त्याला."

"मावशी, तुमचाच हात फाडलाय त्यानं."

"हात भरून येईल. ह्यो पुन्ना येनार न्हाई."

खरं सांगते, मला त्या नको होत्या. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पण नाही म्हणायची ताकदही उरली नव्हती. मी गाडीचं दार उघडलं.

डॉक्टरांनी आधी झोपेचं इंजेक्शन दिलं. बंड्या टेबलावर पहिल्यांदाच सैल होऊन पडला. डॉक्टर दुसरी सुई भरू लागले तेव्हा धोंडाबाई मला म्हणाल्या, "ताई, गळ्याचं सोडा की. बांधलेला नगं जायला." मी पट्टा काढला. "आन् निजलाय तवर कुनी हात तरी फिरवा. इतक्या दिसांत कुनी फिरवला नसंल." आमच्यापैकी कुणाचाच हात पुढे होईना. मग त्याच पुढे झाल्या. पट्टीच्या हातानं त्यांनी त्याचं डोकं कुरवाळलं, कान कुरवाळले, आणि मानेवर हात आला तसा थांबला.

"डाक्टर, हितं कायतरी टोचतंय."

डॉक्टरांनी बोटं लावली. मग सुई बाजूला ठेवली. केस कापले, चीर दिली. पू वाहिला आणि त्यातून एक टोकदार तुकडा निघाला. त्यांनी तो धुऊन तळहातावर धरला. बिबट्याच्या सुळ्याचं टोक होतं ते. "पट्टा बरोबर ह्याच्यावर बसत होता," ते हळूच म्हणाले. साखळीला बसणारा प्रत्येक हिसका त्या सुळ्यावर पडत होता. हे भिंतीकडे तोंड करून रडले.

"वचन देत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण आज दुसरं इंजेक्शन देणार नाही."

बंड्या काही गाय झाला नाही. अनोळखी माणसावर अजून गुरगुरतो. अंगणात त्याला उंच जाळीची जागा केली आहे, बाहेर नेताना तोंडाला जाळी असते. पण गळ्यात आता काही नसतं, पट्टा छातीवरून घेतो. आणि त्यानंतर तो कुणाला चावला नाही.

लोक योगायोग म्हणतात. मी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं की मी खूण मागत होते आणि माझ्या कल्पनेप्रमाणे ती कशी यावी हेही मीच ठरवून बसले होते. शरण जाणं म्हणजे तो हट्टसुद्धा सोडणं. मी दमले, हरले, आणि नको असलेल्या माणसासाठी गाडीचं दार उघडलं. माझ्याकडून घडलं ते एवढंच. बाकी सगळं धोंडाबाईंच्या मोठ्या मनाचं. ज्यानं फाडलं त्यालाच कुरवाळणारा हात मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. अहिंसेवर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली होती. अहिंसा मात्र त्या दिवशी मला दिसली.

संवत्सरीला आम्ही एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडम’ म्हणतो, म्हणजे कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा. यंदा आम्ही दोघं त्यासाठी घाटघरला गेलो. धोंडाबाई भातखाचराच्या बांधावर बसल्या होत्या. मी हात जोडून ते शब्द म्हटले, अर्थ सांगितला. त्या हसल्या.

"मला कशापायी? ज्याचं दुखत व्हतं त्याला म्हनलात का?"

घरी आल्यावर मी जाळीच्या आत गेले, बंड्यासमोर बसले आणि त्याला तेच शब्द म्हटले. तो जवळ आला, एकदा माझा हात हुंगला आणि मान माझ्या मांडीवर टाकून झोपून गेला.