दोन बुधी, एक नोंद

आमच्या जव्हारच्या कार्यालयात नीता भोयेला मी ‘चाळण’ म्हणायचे. तिच्या हाताखालून गेलेल्या कागदात खडा म्हणून सापडायचा नाही. एकाच लेखकाचं नाव एका अहवालावर पूर्ण आणि दुसऱ्यावर नुसत्या आद्याक्षरांत दिसलं, की बाईसाहेबांचा चहा गार झालाच. ‘‘अगं, तो माणूस कधीच मरून गेला असेल. त्याला काय फरक पडतोय?’’ मी विचारायचे. ‘‘मला पडतो,’’ एवढंच म्हणून ती पुन्हा कीबोर्डवर वाकायची.

मी शेजारच्या टेबलावर संस्थेचे हिशेब बघायचे. रोज मोखाड्याहून जीपमध्ये कोंबून यायचे, त्यामुळे सकाळी माझं तोंड वाकडंच असायचं. नीताचं मात्र नाही. ती साखरशेतची, घरी भात-नागलीची शेती. जव्हारच्या वसतिगृहात राहून बारावी झाली, मग टायपिंग, मग संगणकाचा कोर्स, आणि २००१ साली आमच्याकडे लागली. वडील मंगळू ती शाळेत असतानाच गेले होते. घरी होती ती आई, बुधी. भावंड नाही.

आमच्या संस्थेच्या प्रमुख ममताताई. आपल्या भागातल्या शेतीवर कुणी कुणी काय लिहून ठेवलंय ते सगळं गोळा करायचं, हा त्यांचा ध्यास. जुने अहवाल, लेख, प्रबंध, सगळ्याने कपाट भरलं होतं आणि हवं ते कधीच सापडत नव्हतं. मग पुण्याच्या एका मैत्रिणीकडून त्यांनी संदर्भ सांभाळण्याचं सॉफ्टवेअर आणलं. त्यात प्रत्येक पुस्तकाची एक नोंद करायची. लेखक, साल, शीर्षक, कुठे ठेवलंय आणि खाली आपलं टिपण. पुढे काही लिहायला बसलं, की ते सॉफ्टवेअर हवी ती नोंद शोधून देणार आणि शेवटची संदर्भसूचीही आपोआप लावून देणार. त्याला देवनागरी धड येत नव्हती, म्हणून नीता सगळी नावं रोमन अक्षरांत भरायची. तिच्यासारख्या मुलीला हे यंत्र मिळणं म्हणजे आधीच चाळण, त्यात जाळी आणखी बारीक.

ममताताईंनी त्यात एक गोष्ट अशी केली, की मला आजही त्यांचं कौतुक वाटतं. त्या म्हणाल्या, ‘‘पुस्तक लिहिणारा लेखक, मग नागलीचं बियाणं कसं राखायचं हे तोंडाने सांगणारी बाई कोण? तीही लेखकच. तिचं नाव लेखकाच्याच चौकटीत घाला.’’ झालं. नीता टेपरेकॉर्डर घेऊन पाड्यापाड्यांवर हिंडू लागली. आल्यावर टेप ऐकत टिपण थेट संगणकात टाइप करायची. कॅसेटी कमी, म्हणून टिपण झालं की त्याच कॅसेटवर पुढचं रेकॉर्डिंग व्हायचं.

तिने आपल्या आईलाही विचारलं. बुधीबाईने सांगण्याआधी एकच अट घातली. ‘‘माझं नाव येल ना? माझंच?’’

त्या ‘माझंच’मागे एक कथा होती. आमच्याकडे जुन्या माणसांची नावं वारावरून आणि महिन्यावरून. बुधवारी जन्मली ती बुधी, मंगळवारचा मंगळू, पौषातली पोशी, माघातली माघी. वार सात आणि माणसं गावभर. साखरशेतच्या भोयांत दोन बुधी लग्न होऊन आल्या, आणि दोघींच्या नशिबी नवरेही मंगळूच. गावाने सोय म्हणून एकीला मोठी बुधी केलं, दुसरीला धाकटी. नीताची आई धाकटी. मोठीला मूलबाळ झालं नाही, नवराही गेला. तिचं घर पाड्याच्या वरच्या अंगाला, एकटीचं. एका निवडणुकीत धाकटी मतदानाला गेली तर तिथला माणूस म्हणाला, ‘‘भोये बुधी मंगळू? तुमचं मत होऊन गेलं.’’ सकाळीच मोठी येऊन धाकटीच्या नावावर शिक्का मारून गेली होती. धाकटीने शाई नसलेलं बोट दाखवलं, वाद घातला आणि आपलं मत न देता घरी आली. तेव्हापासून पाणवठ्यावर दोघी एकमेकींना टोमण्यावाचून हाक मारत नसत. मोठी म्हणायची, ‘‘दोन मतं द्याया गेल्ती का गं, धाकटे?’’ साठीला टेकलेल्या बाईला ‘धाकटे’ ऐकून घ्यावं लागायचं.

नीता दोघींकडे गेली. दोघींनी नागलीचं बियाणं राखायची आपापली रीत सांगितली. २००४ साली ममताताईंचं पुस्तक छपाईला जायची वेळ आली आणि नीताने संदर्भसूची शेवटची चाळायला घेतली. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. एकच पुस्तक चुकून दोनदा भरलं गेलं असेल, तर ते जोड्या शोधून समोर ठेवायचं. त्यातलं एक ठेवायचं, दुसरं काढून टाकायचं. नीताला ही सोय फार आवडायची. त्या दिवशी एक जोडी अशी आली: भोये, बुधी. २००२. नागलीचं बियाणं. साखरशेत. दोन्हींकडे तेच. टिपण खाली होतं, ते बघायला नोंद उघडावी लागायची. दोनदा भरलं गेलं माझ्याकडून, असं वाटून तिने स्वतःवर चरफडत एक नोंद काढून टाकली. संध्याकाळी फ्लॉपीवर नवी प्रत केली, जुनीच्या जागी. सूची स्वच्छ झाली, आणि पुस्तकात छापायची टिपणंही त्याच नोंदींतून उचलली गेली.

दुसऱ्या कुणाला हे झालं असतं तर मी समजू शकले असते. पण दोन बुधींच्या गावात वाढलेली, त्यातल्या एकीच्या पोटची ही मुलगी! खरं तर म्हणूनच झालं असावं. घरात ती नुसती ‘आये’ होती. नीताने आपल्या आईला कधी ‘भोये, बुधी’ असं पाहिलंच नव्हतं.

पुस्तकांचे गठ्ठे एसटीने आले. नीता पहिल्याच रविवारी एक प्रत घेऊन साखरशेतला गेली. आईला समोर बसवून तिने बियाण्याचं पान वाचायला घेतलं. ‘‘चुलीतली राख चाळून नागलीत मिसळावी आणि कणगीचं तोंड लिंपावं. भोये, बुधी.’’

आईने पुढचं वाचू दिलं नाही. ‘‘राखंत मी कवा ठेवलं? मी निरगुडीचा पाला घालतंय. राखंत ती मोठी ठेवतंय.’’

नीताने पुढची पानं उलटली, मागची उलटली, सूची बघितली. एकच भोये, बुधी. तेव्हा तिला कळलं की आपण काय काढून टाकलं होतं. तिने आईला सगळं सांगितलं, लपवलं नाही. बुधीबाई बराच वेळ पुस्तकावरून हात फिरवत होती. मग म्हणाली, ‘‘मताच्या वेळंला परका मानूस हुता. हितं तू हुतीस.’’

सोमवारी नीताने हे मला सांगितलं तेव्हा माझ्याकडे नेहमीचं एकही वाकडं बोलणं नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. मला तिची दया आली आणि थोडा रागही आला, तो त्या यंत्राचा की तिच्या चाळणीपणाचा, कोण जाणे. ममताताईंनी तिला बोल लावला नाही. म्हणाल्या, ‘‘शुद्धिपत्र छापू, प्रत्येक प्रतीत चिकटवू. आईकडून पुन्हा ऐकून ये.’’ नीता गेली. आईने जेवू घातलं, उशाला गोधडी दिली, पण बियाण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ‘‘येकदा सांगून झालं,’’ म्हणाली.

त्या दिवसांत नीता ते जोड्या शोधायचं बटण दाबत नसे. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं. एकाच अहवालाच्या दोन नोंदी समोर दिसल्या तरी तशाच राहू द्यायची. तिची सूची पहिल्यांदाच अव्यवस्थित झाली आणि मला ते बघवेना. मी तिला ‘चाळण’ म्हणणं सोडून दिलं.

आणि मग एका बाजाराच्या दिवशी बुधीबाई स्वतःच जव्हारला आली. मिरच्या आणि सुकट बांधलेलं फडकं तिने माझ्या हिशेबाच्या वह्यांवर ठेवलं, नीताजवळची खुर्ची ओढली आणि म्हणाली, ‘‘उघड तुझी पेटी.’’

मग तिने सांगितलं. निरगुडीचा पाला सावलीत सुकवायचा, उन्हात नाही. कणसं झोडपायच्या आधीच बियाण्याची वेगळी काढायची, ती घरातल्या बाईने, गड्याने नाही. नीता टाइप करत होती. तिने या वेळी टेपही लावला होता आणि ती कॅसेट नंतर कुणालाच दिली नाही. आता प्रश्न आला नावाचा. नुसतं ‘भोये, बुधी’ लिहिलं तर तीच गत. नीता हळूच म्हणाली, ‘‘आये, पुढं धाकटी लिहू?’’

‘‘नको. पुस्तकात पन धाकटीच का मी?’’

‘‘मग?’’

बुधीबाईने मुलीकडे पाहिलं. ‘‘नीताची बुधी लिही.’’

नीता कीबोर्डवर वाकली. तिने लेखकाच्या चौकटीत ‘भोये, बुधी नीताची’ असं भरलं. मला माझ्या वह्यांत डोकं खुपसून घ्यावं लागलं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि मला ते कुणाला दाखवायचं नव्हतं. मग तिने एवढ्या दिवसांनी ते बटण दाबलं. जुन्या अहवालांच्या जोड्या आल्या. भोयांची जोडी आली नाही.

‘‘कुठं हाय मी?’’ आईने विचारलं. नीताने तिचं बोट धरून पडद्यावरच्या ओळीवर टेकवलं.

‘‘आन ती?’’

‘‘तिची ओळ तुझ्या वरती आहे.’’

बुधीबाईची मान ताठ झाली. ‘‘वरती? ती का वरती?’’

मला हसू आलं. एवढं सगळं झाल्यावर बाईला पाणवठ्याचं भांडण आठवलं होतं. नीता नेहमीच्या नीटनेटक्या आवाजात समजावू लागली, की यंत्र नावं अक्षरांप्रमाणे लावतं, दोघींचं नाव एकच, तुझ्या नावापुढं माझं नाव आहे, तिच्या नावापुढं कुणाचंच नाही, म्हणून ती आधी. बोलता बोलता ती थांबली. आपण काय म्हणालो ते तिच्या ध्यानात आलं असावं.

बुधीबाई त्या दोन ओळींकडे बघत राहिली. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मग तिने फडकं उचललं, गाठ पुन्हा घट्ट केली आणि उठली.

‘‘मंग ऱ्हाऊ दे तिला वरती,’’ ती म्हणाली.