विचारू नये ते विचारणाऱ्या बाई

बोईसरला मी ज्या कारखान्यात काम करते, तिथे माझी जागा दारातून आत शिरल्यावर उजव्या हाताला, टेलिफोनच्या बोर्डासमोर आहे. दिवा लागला की बटण दाबायचं, नमस्कार म्हणायचं, कुणाशी बोलायचंय ते विचारायचं आणि लाइन जोडून द्यायची... गेली काही वर्षं दिवसभर मी हेच करते. गेल्या महिन्यात एका दुपारी असाच दिवा लागला आणि पलीकडून शालिनीबाईंच्या मुलाचा आवाज आला. "जयू, आई गेली. जेवून आडवी झाली होती, झोपेतच गेली." बाई मुंबईला त्याच्याकडे होत्या. दुखणं बरं होण्यातलं नव्हतं. पुढे काय काय सोसावं लागेल हे डॉक्टरांनी घरच्यांना सांगून ठेवलं होतं, आणि त्यातलं काहीच बाईंच्या वाट्याला आलं नाही. खोटं कशाला बोलू, मला आधी हायसं वाटलं. रडू नंतर आलं.

आमची शेवटची भेट त्याआधी काही आठवड्यांची. मुलगा गाडी घेऊन त्यांना बोईसरहून न्यायला आला होता. आम्ही दोघांनी धरून बाईंना गाडीत बसवलं, पायाशी औषधांची पिशवी ठेवली, दार लावलं. गाडी सुरू झाली तशी मी मागून मोठ्याने विचारलं, "बाई, कुठे चाललात?" बाईंच्या शेजारच्या काकूंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस वळ होता. आजारी माणसाला निघताना असं विचारतात का? मुलाच्या कपाळालाही आठी पडली. बाईंनी मात्र काच खाली करायला लावली आणि पोटभर हसल्या. म्हणाल्या, "नेतील तिथे. पोचले की फोन करते." त्या का हसल्या, हे सांगायला मी लिहायला बसले आहे.

मी नवापूरची. घर किनाऱ्याला लागून, अंगणात बोंबील वाळत घातलेले, आणि बाबांची त्यांच्या दोन भावांबरोबर भागीतली बोट. तारापूरला वीज तयार होऊ लागून काही वर्षं झाली होती, बोईसरला कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या, पण आमच्या घरात सगळं चालायचं ते भरती-ओहोटीच्या वेळेवर. आमच्याकडे दर्यात निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत, आणि कुठे चाललास असं तर मुळीच विचारत नाहीत. विचारलंच कुणी, तर तो परत फिरतो, घरी येऊन घोटभर पाणी पितो, जरा बसतो आणि मग निघतो. हे मला चांगलं ठाऊक होतं. पण मी तिसरीत होते, आणि त्या दिवशी बाबांनी मला जत्रेला न्यायचं कबूल केलं होतं. दिवाळी होऊन गेली होती. मासळी चांगली लागतेय असं कळल्यावर बाबा जत्रा विसरून निघाले. मी वाळूतून मागे धावत गेले आणि ओरडले, "बाबा, कुठं चाललास?" बाबा हसले. पाणी ओसरायला लागलं होतं, घरी परतून पाणी पीत बसायला वेळ नव्हता. ते तसेच गेले.

त्या रात्री वारा सुटला. बाकीच्या बोटी पडत-झडत परत आल्या, आमची आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही... अंगणात बायका येऊन बसू लागल्या. आजी, म्हणजे बाबांची आई, उंबऱ्यात बसून एकच म्हणत होती, "हिनंच इचारलं निंगताना. हिच्या तोंडानं झालं." आजी वाईट नव्हती. तिचे तिन्ही मुलगे त्या बोटीत होते, तिला कुणावर तरी ओरडायचं होतं. मी माळ्यावर जाळ्यांच्या मागे लपले आणि मनाशी ठरवलं, आता तोंडातून शब्द काढायचा नाही. मी गप्प राहिले तर बाबा येतील. आणि आठवडाभराने बाबा आले. बोटीची मशीन बंद पडली होती, वाहत वाहत गुजरातच्या बाजूला गेले होते, तिथल्या लोकांनी ओढून किनाऱ्याला लावलं. तिघेही धडधाकट. घरात रडणं-हसणं, गूळ वाटणं, सगळं झालं. आजीने मला पोटाशी धरलं. पण माझा उपाय लागू पडला होता ना... आता बोलून तो मोडायचा कसा? बाबांना तर रोज दर्यात जायचं होतं.

मी बोलेना. पालघरच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिली आणि घसा ठणठणीत आहे म्हणाले. मनोरकडच्या एका भगताने दंडाला दोरा बांधला. शाळेतल्या गुरुजींनी महिनाभर वाट पाहिली आणि मग बाबांना बोलावून सांगितलं की उन्हाळ्यापर्यंत पोर बोलली नाही तर तिला मुंबईला मुक्या मुलांच्या शाळेत घाला, तिथे राहायचीही सोय असते. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. मला घर सोडून जायचं नव्हतं आणि बोलायचंही नव्हतं. दोन्हीकडून कोंडी.

शेवटी आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी आईला बोईसरची खोली सांगितली. मुंबईतल्या काही डॉक्टरांनी आणि शिक्षकांनी मिळून एक लहानशी संस्था काढली होती आणि तिच्यातर्फे पिठाच्या गिरणीच्या मागे एक खोली भाड्याने घेतली होती. महिन्यातून एकदा डॉक्टर यायचे, बाकीचे दिवस शालिनीबाई. मुलांच्या मनाला काही होतं, हे तेव्हा आमच्याकडे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. पोटात दुखलं की ओवा, अंग तापलं की गोळी, आणि दोन्ही नसेल तर मार. आई बुधवारी बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसायची, कारण बुधवारी गिऱ्हाईक जास्त. बसण्याआधी ती मला त्या खोलीत सोडून जायची.

बाई वऱ्हाडातल्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेल्या. मुंबईला जाऊन या कामाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या, आणि तोंडाने अशा की त्या बोलायला लागल्या की शेजारची गिरणी बंद आहे असं वाटावं. न बोलणाऱ्या मुलांसाठी संस्थेने नेमकी ही बाई शोधून काढली होती! पण बाईंनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. मुलाला प्रश्न विचारायचा नाही. आणि जिभेवर भरवसा नसल्यामुळे मूल आत आलं की त्या तोंडात खडीसाखरेचा मोठा खडा टाकायच्या. खडा विरघळेपर्यंत गप्प. समोर सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत बसायच्या, आणि वाटलं तर मुलाने हात लावावा. आई एकदा भेट म्हणून शेरभर सुका जवळा, म्हणजे वाळवलेली इवलीशी कोळंबी, देऊन गेली. बाई पक्क्या शाकाहारी. पण पुढच्या बुधवारी सुपात तांदळाऐवजी जवळा होता, आणि बाई वासाने डोळ्यांतून पाणी काढत, खडीसाखर चघळत त्यातले शिंपल्यांचे तुकडे वेचत होत्या. चांगला जवळाही टाकून देत होत्या. मला राहवेना. मी सूप माझ्याकडे ओढलं आणि कसं निवडायचं ते हातांनी दाखवलं. त्या दिवसापासून बाई मला आवडायला लागल्या.

थंडीत बाई एकदा नवापूरला आल्या. मुलाचं घर पाहिल्याशिवाय मूल कळत नाही असं त्या म्हणत. मी त्यांचं बोट धरून किनारा दाखवत होते. तोंडात खडीसाखर नव्हती, तेव्हा व्हायचं तेच झालं. समोरून आमच्या शेजारचे पांडूकाका खांद्यावर जाळं टाकून होडीकडे चालले होते. बाईंनी लांबूनच खणखणीत आवाजात विचारलं, "काय दादा, कुठे चाललात?" मी उडी मारून बाईंच्या तोंडावर हात ठेवला. दोन्ही हात. बाई तोल जाऊन वाळूत बसल्या तरी मी हात काढेना. पांडूकाका थबकले. "बाय, आमी बाजाराला नाय चाललो," असं पुटपुटून ते घरी पाणी प्यायला गेले. बाई वाळूत बसूनच माझ्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी हळूच माझे हात काढले आणि म्हणाल्या, "अच्छा... हे आहे होय."

त्या संध्याकाळी आमच्या अंगणात बाईंनी बोट हरवली त्या दिवसाची हकीकत काढून घेतली आणि मग आईबाबांना सगळं उलगडून सांगितलं. बाबा कितीतरी वेळ वाळूत रेघा ओढत राहिले. "मशीन जुनी होती," ते म्हणाले. "पोरीचा काय संबंध? मी सांगतो तिला." बाई म्हणाल्या, "सांगून पटायचं नाही, हरिभाऊ. तिला डोळ्यांनी दिसायला हवं. तुम्ही दर्यात निघालात की तिच्यासमोर मी तुम्हाला विचारेन. तुम्ही जाल आणि परत याल. पुन्हा पुन्हा. चालेल?" आजी उठून आत गेली. आई पदराशी चाळा करत राहिली. बाबांनाही भीती वाटली होती, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. पण ते म्हणाले, "इचारा. फक्त वारा पडलेला असंल तवाच. आणि पयल्यांदा मी एकलाच जाईन, जवळच्या जाळ्यापरेंत." बाई म्हणाल्या, "मलाही तसंच हवंय. मी काही शूरबीर नाही."

मग सुरू झालं. भरती सकाळी असो की दुपारी, बाई एसटीने यायच्या, डोक्याला मफलर, हातात छत्री. बाबांनी लहान होडी पाण्यात ढकलली की मागून हाक, "हरिभाऊ, कुठे चाललात?" बाबा वळून सांगायचे, "दर्यात चाललो बाय. येतो." सगळा किनारा बाईंकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघायचा. बायका कडाकडा बोटं मोडायच्या. मी बाईंचा पदर मुठीत धरून होडी परत येईपर्यंत तिथेच उभी राहायची. होडी यायची. पुढे बाबा मोठ्या बोटीने जायला लागले. भावांनी आधी कुरकुर केली. धाकटा काका तर बाई दिसल्या की कानात कापसाचे बोळे घालून बोटीत बसायचा, म्हणजे विचारलेलं त्याच्यापुरतं लागू नाही. तरी बोट यायची.

एकदा मात्र बोट वेळेवर आली नाही. पाणी चढलं, बाकीच्या बोटी लागल्या, दिवस कलला. बाईंची शेवटची एसटी निघून गेली तरी त्या हलल्या नाहीत. लोक जमायला लागले. आजी आली आणि बाईंच्या समोर उभी राहिली. मी पदर सोडून पळायच्या बेतात होते. बाईंनी माझा हात घट्ट धरला. त्यांचा हात गारठला होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या मला म्हणाल्या, "जयू, आज तू विचारलेलं नाहीस. मी विचारलंय. काय व्हायचं ते होईल, पण त्यातलं काहीच तुझ्याकडे नाही. मागच्या वेळीही नव्हतं." आजीने मान खाली घातली. अंधारता अंधारता बोट आली, पांडूकाकांची अडकलेली होडी मागे बांधून. आजी बाईंना म्हणाली, "घरात चला. भाकर खाऊन जावा." बाईंनी त्या रात्री आमच्याकडे भाकरी आणि गूळ खाल्ला. गूळ खाताना रडल्या. मी त्यांना रडताना एवढंच एकदा पाहिलं.

शिमगा जवळ आला तेव्हाची ती सकाळ. बोट निघाली होती, बाबा गुडघाभर पाण्यात होते, काकाच्या कानात बोळे. बाईंनी हाक मारायला तोंड उघडलं... आणि कमरेच्या पिशवीतून खडीसाखरेचा खडा काढून तोंडात टाकला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाबा थांबले. हाक येत नाही म्हणून किनाराही थांबला. मी विचारलं, "बाबा, कुठं चाललास?" आवाज खरखरीत, मलाच ओळखू न येणारा. बाबा वळले नाहीत. त्यांचे खांदे हलत होते. मग तसंच पाठमोरं त्यांनी सांगितलं, "दर्यात. येतो बाय." आणि ते आले. मुंबईच्या शाळेचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

पुढे त्या एका खोलीच्या दोन खोल्या झाल्या, दोनाच्या चार. घिवलीपासून मनोरपर्यंतची मुलं तिथे येऊन गेली. कुणाला रात्री दचकायला व्हायचं, कुणी शाळेच्या नावाने ओकायचं, कुणी उगाचच मारत सुटायचं. बाईंची खडीसाखर मधुमेहाने सुटली, मग त्या लवंग धरायला लागल्या. मला ही नोकरी लागली तेव्हा त्यांनी आपली खडीसाखरेची पितळी डबी मला दिली. म्हणाल्या, "दिवसभर बोलणार आहेस. मधूनमधून गप्पही बस." ती डबी बोर्डाखालच्या खणात असते.

त्या दुपारी बाईंच्या मुलाने फोन ठेवला आणि मी तशीच बसून राहिले. हायसं वाटणं ओसरलं आणि त्याच्याखालून ते जुनं वर आलं. मी विचारलं होतं, आणि या वेळी माणूस परत आलं नव्हतं. लहानपणी ज्याला घाबरून मी तोंड शिवून घेतलं होतं, ते अखेर झालं होतं. मी माझ्या घशाकडे लक्ष देऊन वाट पाहत राहिले. आता बंद होईल... आता होईल. तेवढ्यात पुढचा दिवा लागला. हात आपोआप गेला. मी म्हटलं, "नमस्कार, कुणाशी बोलायचंय?"

आवाज आला. नेहमीचा, सरळ. पलीकडून ट्रकवाला म्हणाला, "मॅडम, स्टोअर को लाइन दो." मी दिली. मग आणखी एक दिवा लागला, मग आणखी एक. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी बोलत होते. सुट्टी होईपर्यंत बोलत होते. खणातली डबी त्या दिवशी मी उघडली नाही.